काटा थांबल्यानंतर : प्रस्तावना

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या, शस्त्रक्रियेवरच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथात एक आलेख असतो. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर वजन. ऑपरेशनच्या दिवसापासून रेघ झपाट्याने खाली येते, वर्षा-दीड वर्षात तिचा उतार मंदावतो, मग ती सपाट होते आणि थोडीशी वर चढून पुढे तशीच चालत राहते. या आलेखाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना स्वीडनमधला आहे. गोथेनबर्गच्या लार्स श्योस्ट्रोम यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ लोक होते. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं; दहाव्या वर्षी मोजलं तेव्हा ही घट २५ टक्के होती. पोटाला बँड बसवलेल्यांचे तेच आकडे २० आणि १४. शस्त्रक्रिया न झालेल्यांचं वजन या सगळ्या काळात जवळपास जागच्या जागी राहिलं.

रेघेच्या उतरत्या भागावर भरपूर लिहिलं गेलं आहे. जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो त्याच भागातले असतात. या पुस्तकाचा विषय तिचा सपाट भाग आहे. त्या टप्प्यावर पोहोचलेला माणूस ओपीडीत येऊन पहिलं वाक्य बोलतो ते ठरलेलं असतं : ‘डॉक्टर, काटा हलतच नाही.’ सोबत आलेले नातेवाईक त्यापुढचं बोलतात : ‘एवढे पैसे घातले, ऑपरेशन फेल गेलं का?’ आणि दाराबाहेर पडताना दबक्या आवाजात तिसरं वाक्य येतं, ‘तिचंच तोंड आवरत नसेल.’ या तीन वाक्यांत सगळा विषय आहे. पहिल्यात मोजमाप आहे, दुसऱ्यात शस्त्रक्रियेच्या परिणामाचा प्रश्न आहे आणि तिसऱ्यात एक न्यायनिवाडा आहे, जो बहुतेक वेळा पुरावा तपासण्याआधीच दिलेला असतो.

नव्या वाचकाने सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरावी. वजन थांबणं हा एकच प्रकार नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात थांबलेलं वजन आणि अठराव्या महिन्यात थांबलेलं वजन यांच्यात काट्यावरचा आकडा हलत नाही एवढंच साम्य आहे.

तिसऱ्या आठवड्याचं थांबणं बहुतांशी पाण्याचं असतं. यकृतात आणि स्नायूंत साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. शस्त्रक्रियेआधीचा पातळ आहार आणि नंतरचे सूप-ताकाचे दिवस यांत हा साठा रिकामा होतो, आणि पहिल्या पंधरवड्यातली ती नेत्रदीपक घट काही अंशी या पाण्याची असते. आहार थोडा वाढला की साठा पुन्हा भरू लागतो. आत चरबी जळत असते, पण बाहेर काटा स्थिर दिसतो. कपडे सैल होत राहतात, पट्ट्याचं भोक एकाने मागे सरकतं, तरी माणूस रडकुंडीला आलेला असतो. पाळीच्या आधीची सूज, बद्धकोष्ठता, लोणच्या-पापडाचं मीठ यांनीही किलो-दीड किलोची चढउतार सहज होते. या थांबण्यावर उपाय करायचा नसतो, वाट पाहायची असते. तेवढ्यात घाबरून कुणी दोन दिवस निर्जळी उपास करून बसलं, तर नुकसान मात्र खरं होतं. मधल्या महिन्यांत येणारे आठवड्या-दोन आठवड्यांचे थांबेही बहुधा याच जातीचे.

दीड वर्षाच्या आसपासचं थांबणं वेगळं. तिथे शरीर खरोखर समतोलावर आलेलं असतं, म्हणजे जेवढं आत जातं तेवढंच खर्च होतं. हा समतोल कसा येतो, ते समजून घेण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेलं काम अमेरिकेतल्या केविन हॉल यांच्या गटाचं आहे. त्यांनी एक युक्ती केली. कॅनाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. दिवसाला सुमारे ३६० कॅलरी अशा निघून जातात आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मग वजन उतरतच राहायला हवं. प्रत्यक्षात ते काही किलो उतरून थांबलं. लोक नकळत जास्त खाऊ लागले होते. किती जास्त, याचं गणित त्यांनी २०१६ मध्ये मांडलं : वजन एक किलो उतरलं की भूक दिवसाला सुमारे ९५ कॅलरींनी वाढते. त्याच एका किलोमागे शरीराचा दिवसाचा खर्च २५ कॅलरींच्या आसपास घटतो. म्हणजे शरीर दोन्ही बाजूंनी ओढतं, आणि भुकेची ओढ खर्चातल्या कपातीच्या जवळजवळ चौपट आहे.

आता ढोबळ हिशेब करा. कुणी शस्त्रक्रियेशिवाय रोज ८०० कॅलरी कमी खाण्याचा निर्धार केला आणि तो तसूभरही ढळू दिला नाही. सहा-सात किलो उतरले की भुकेची ओढ आणि घटलेला खर्च मिळून ८०० भरतात. वजन थांबतं. निर्धार सुटलेला नसतो. तेवढ्याच निर्धारात त्याहून पुढे जाता येत नाही. सर्व आहारयोजनांत वजन वर्षाच्या आत का थांबतं, याचं उत्तर या बेरजेत आहे. हॉल यांनी २०२४ मध्ये हीच मांडणी शस्त्रक्रियेला आणि नव्या इंजेक्शनांना लावली. या दोन्हींचा पहिला धक्का मोठा असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भुकेची ती परत ओढणारी दोरी सैल होते. तुटत नाही, सैल होते. म्हणून थांबा उशिरा येतो आणि बराच खाली येतो. पण येतोच. ज्यांचे चाळीस किलो उतरले आहेत, त्यांचा रोजचा खर्च या हिशेबाने हजार कॅलरींनी कमी झालेला असतो. जे ताट दुसऱ्या महिन्यात वजन उतरवत होतं, तेच ताट विसाव्या महिन्यात वजन राखतं.

शस्त्रक्रिया दोरी सैल करते म्हणजे काय करते? लोकांच्या मनात, आणि पूर्वी शल्यविशारदांच्याही मनात, उत्तर साधं होतं : पोट लहान, म्हणून खाणं कमी. आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांना गॅस्ट्रिक बायपासची दिशा मिळाली ती अल्सरच्या रुग्णांमुळे. जठराचा भाग काढलेली ही माणसं पुन्हा अंग धरत नाहीत, असं दिसत होतं. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासोबत पहिली बायपास केली. त्याआधी मिनेसोटात १९५० च्या दशकात आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली होती. यकृत निकामी होणं, मुतखडे, न थांबणारे जुलाब यांमुळे ती पुढे टाकून द्यावी लागली. तिच्यातही वजन दीड-दोन वर्षांनी थांबत असे. शोषण असं तोडूनही थांबा चुकला नव्हता, ही गोष्ट तेव्हाच विचारात पाडायला हवी होती.

उंदरांनी तो विचार करायला लावला. संशोधक रँडी सीली यांच्या प्रयोगशाळेत स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून अरुंद पिशवी ठेवणारी शस्त्रक्रिया) केलेल्या उंदरांचं वजन स्थिरावल्यावर त्यांना मुद्दाम उपाशी ठेवून आणखी खाली आणलं गेलं. मग अन्न मोकळं केलं. पोटाची पिशवी लहान हेच कारण असतं, तर ते उंदीर त्या खालच्या वजनावरच अडकले असते. ते भरपूर खाऊन वर आले आणि नेमके शस्त्रक्रियेनंतरच्या स्थिर वजनाला येऊन थांबले. म्हणजे त्यांना जास्त खाता येत होतं. एरवी ते खात नव्हते. त्याच परंपरेतल्या २०१४ च्या प्रयोगात पित्ताम्लं ओळखणारा एफएक्सआर हा ग्राही नसलेल्या उंदरांवर स्लीव्हचा टिकाऊ परिणामच झाला नाही. पिशवी तेवढीच लहान, तरी वजन परत आलं. माणसांतले पुरावे याच्याशी जुळतात. स्लीव्हमध्ये जठराचा वरचा फुगीर भाग निघून जातो आणि त्याबरोबर भुकेचं संप्रेरक घ्रेलिन घटतं. अन्न लवकर आतड्यात उतरतं आणि जीएलपी-१, पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं जेवणानंतर उसळतात. शस्त्रक्रिया शरीराला नवं राखण्याचं वजन देते, असं म्हणणं आज बरंचसं सयुक्तिक ठरतं. थांबलेलं वजन म्हणजे बहुधा तेच.

एक गैरसमज इथेच निस्तरून टाकतो. ‘माझं मेटॅबॉलिझम मेलं’ हे वाक्य फार ऐकू येतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले स्पर्धक आणि तेवढंच वजन उतरलेले बायपासचे रुग्ण यांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत शरीराने अपेक्षेपेक्षा जास्त काटकसर सुरू केली होती. पण बायपासच्या गटात वर्षभरानंतर ती काटकसर लक्षणीय उरली नव्हती. स्पर्धकांची मात्र सहा वर्षांनीही टिकून होती, दिवसाला सुमारे ५०० कॅलरींची. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने स्वतःच्या चयापचयाला मयत ठरवण्याची घाई करू नये.

मोजमापाचा विषय कोरडा वाटतो, पण या क्षेत्रातली निम्मी भांडणं तिथे सुरू होतात. जुन्या पद्धतीत ‘जादा वजनाचा किती टक्के भाग गेला’ हे मोजत. उंची १६० सेंटीमीटर धरली, तर बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो. १२० किलोच्या बाईंचे ३६ किलो गेले तर जादा वजनाचे ६४ टक्के गेले. ९० किलोच्या बाईंचे २७ किलो गेले तर १०४ टक्के. दोघींचं वजन मूळ वजनाच्या सारख्याच, म्हणजे ३० टक्क्यांनी उतरलं आहे, दोघींच्या शरीराने सारखाच प्रतिसाद दिला आहे, आणि तरी पहिलीला आपण नापास झालो असं वाटत राहतं. म्हणून या पुस्तकात सर्वत्र मूळ वजनाच्या टक्क्यांतच बोललं आहे. वजन परत चढण्याबाबतही तसंच : नीचांकापासून किती किलो चढलं यापेक्षा, जेवढं उतरलं होतं त्यातला किती हिस्सा परत आला हे पाहणं जास्त अर्थपूर्ण ठरलं आहे. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांच्या लॅब्स अभ्यासात बायपासनंतर सातव्या वर्षी सरासरी २८ टक्के घट टिकून होती, आणि तिसऱ्या ते सातव्या वर्षात मूळ वजनाच्या सुमारे ४ टक्के परत आलं होतं. दोन-चार किलो चढले म्हणून घरात सुतक पाळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आपल्या घरांकडे येतो, कारण परदेशी ग्रंथांत हे प्रकरण नसतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं २००४ मधलं लॅन्सेटमधलं छायाचित्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, ही आपली ठेवण आहे आणि पुण्यातल्या नवजात बाळांतही ती त्यांना सापडली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा उंबरठा बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणला, त्यामागे हीच जाणीव आहे. आपल्या विषयाला तिचा अर्थ असा की आपल्याकडे स्नायूंचं भांडवल मुळातच तुटपुंजं असतं. काटा हलावा म्हणून जो माणूस आणखी कमी खातो, तो ते भांडवल खर्चतो. काटा हलतो खरा. पण गेलेलं काय, ते काटा सांगत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ३० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये १५. शाकाहारी घरात, वाटीभराने भरणाऱ्या पोटात, ही बेरीज आपोआप जुळत नाही. ती ठरवून जुळवावी लागते. आपली आजारपणाची पथ्यं तर नेमकी उलट दिशेची आहेत. मऊ भात, त्यावर तूप-मेतकूट, रव्याची खीर, साबुदाण्याची पेज, नारळपाणी : ऑपरेशन झालेल्या सुनेला सासूबाई प्रेमाने हेच देतात आणि सहा महिन्यांनीही देत राहतात, कारण ‘तिला तेच सोसतं’. सोसतं हे खरंच आहे. मऊ, गोड, बुळबुळीत पदार्थ स्लीव्हमधून सरकन खाली उतरतात, पोट भरल्याची खूण उमटत नाही आणि तासाभरात पुन्हा काहीतरी लागतं. मटकीची उसळ किंवा चिकनचे दोन तुकडे मात्र थांबतात, जाणवतात. काही जणांना ते जाणवणं त्रासाचं वाटतं, म्हणून ते मऊ अन्नाकडे वळतात. थांबलेल्या वजनामागे हे वळण मी वारंवार पाहिलं आहे. याच्या जोडीला येता-जाता तोंडात टाकायची शेव. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेव दीडशेहून जास्त कॅलरींची असते, आणि दिवसातून तीनदा मूठ भरली तर कुणी तिला जेवण म्हणत नाही. हळदीकुंकवाचं, सत्यनारायणाच्या शिऱ्याचं, ‘एक घास तरी घे, किती वाळलीस’ याचं प्रकरण स्वतंत्र लिहिलं आहे; ते घरच्यांनी आधी वाचावं.

मग तिसरं वाक्य, तोंड आवरत नसल्याचं, खरं ठरलं का? १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही लोक तपासले गेले. आपण बाराशे कॅलरींहून कमी खातो तरी वजन उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं चयापचय ठीक निघालं. त्यांनी खाणं ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली होती. या अभ्यासाचा दाखला रुग्णाला खोटं पाडायला नेहमी दिला जातो, आणि मला ते पटत नाही. दिवसाला ९५ गुणिले काही किलो एवढी जादा भूक ज्याला जाणवतही नाही, तो ती लिहून कशी ठेवणार? आहारनोंद ही साक्ष म्हणून न घेता उपकरण म्हणून घ्यावी. तीन दिवस ताटाचे मोबाइलवर फोटो काढायला सांगणारी आहारतज्ज्ञ एका तासाच्या उलटतपासणीहून जास्त शिकते.

वजन अडलं की पाहायच्या गोष्टींचा क्रम पुढे सविस्तर आहे. इथे एवढंच म्हणतो की जे सर्वांत सोपं असतं तेच बहुधा राहून जातं : स्टिरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, आणि दारू. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते आणि तिच्या व्यसनाचा धोका वाढतो; आपल्याकडे हा प्रश्न विशेषतः बायकांना विचारला जात नाही. शरीररचनेतला दोष, म्हणजे स्लीव्ह फुगणं, जोडाचं तोंड रुंदावणं, दोन कप्प्यांत वाट पडणं, हा एंडोस्कोपी आणि बेरियमच्या तपासणीत दिसतो. तो शोधायचा तो आधी बरं चाललेलं अचानक बिघडलं तर. सतत उलट्या होत असतील तर वजनाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण थायमिनच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते. पाच दिवस पुन्हा पातळ आहारावर जाऊन पोट ‘रीसेट’ करण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याने पोट लहान होत नाही. उतरतं ते पाणी, आणि सहाव्या दिवशी परत येतं.

औषधांनी या क्षेत्राचा नकाशा बदलत आणला आहे. लंडनमधल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसं न उतरलेल्या आणि जीएलपी-१ चा प्रतिसाद कमी असलेल्या लोकांना लिराग्लुटाइड दिलं गेलं. २४ आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे ९ टक्क्यांनी उतरलं, नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अर्ध्या टक्क्याने. २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं, आणि तेव्हापासून ओपीडीतला प्रश्न ‘पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का’ वरून ‘ते इंजेक्शन घेऊ का’ वर आला आहे. उत्तर पुष्कळदा ‘घेऊन पाहू’ असं असतं. पण त्याआधी ठरवावं लागतं की थांबलेल्या त्या वजनाला हात लावायची गरज आहे का. १२० वरून ८२ ला आलेल्या, साखर गोळीविना आटोक्यात असलेल्या, सिंहगड चढून येणाऱ्या माणसाला ७५ चा आकडा हवा असतो तो बऱ्याचदा लग्नातल्या अल्बमसाठी. ती इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी नाही, पण ती इच्छा आहे, आजार नव्हे. आणि तिच्यासाठी किती मोजायचं, हे त्याने माहिती घेऊन ठरवावं.

या विषयात शल्यचिकित्सक एकटा पुरत नाही, हे एव्हाना दिसलं असेल. आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी यात कामाचा डोंगर आहे : हुलगे, मटकी, पिठलं, ताक, सुकट यांच्यावर उभा राहणारा शस्त्रक्रियेनंतरचा आहार प्रदेशाप्रदेशानुसार लिहून काढायचा आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना खाण्यावरचा ताबा सुटण्याचे अनुभव मराठीत, रुग्णांच्या शब्दांत नोंदवता येतील. व्यायामाच्या जाणकारांनी गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना घरातल्या घरात स्नायू कसे राखता येतील ते सांगावं. आणि रुग्णांनी हे पुस्तक कुठूनही उघडावं. ज्यांचं वजन या आठवड्यात थांबलं आहे, त्यांनी आधी ऑपरेशनची तारीख पाहावी आणि तीन महिने झाले नसतील तर दुसरं प्रकरण वाचावं; वर्ष उलटलं असेल तर पाचवं.